बिस्किट जॉइंट: कोणत्या कामाला वापरावा आणि कोणत्या कामाला नाही

लेखक: पटाशी

या विभागात कपाट, टीव्ही युनिट किंवा टेबल यांविषयी धागा निघाला, की बिस्किट जॉइंटचा, म्हणजे दोन तुकड्यांतल्या खाचांत लाकडी चकती चिकटवून केलेल्या जोडाचा, विषय येतोच आणि चर्चा दोन टोकांना जाऊन थांबते. काहींच्या मते या जोडात ताकदच नाही, तो केवळ यंत्रे विकणाऱ्यांनी मोठा केला आहे. काहींना वाटते, की यंत्र घरात आले म्हणजे कुसू (एका तुकड्याच्या टोकाला कोरलेली, दुसऱ्याच्या खाचेत बसणारी जीभ), खुंट्या आणि स्क्रू या सगळ्यांची गरज संपली. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण हा जोड ज्या मालासाठी निर्माण झाला तो माल बाजूला ठेवून त्याची परीक्षा घेतली जाते. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या फर्निचरमध्ये पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाच्या कपच्या रेझिनमध्ये दाबून केलेले फलक, मोठ्या प्रमाणावर येऊ लागले. या फलकाला लाकडासारख्या रेषा नसतात. त्यात कुसू कोरले तर ते मोडते, कडेत स्क्रू पिळला तर फलक उकलतो आणि चुका (लहान खिळे) तर धरतच नाहीत. स्वित्झर्लंडमधील हर्मन स्टायनर या फर्निचर कारागिराने 1950 च्या दशकाच्या मध्यात यावर उपाय शोधला. दोन्ही फलकांत लहान गोल पात्याने कंसाकार उथळ खाच पाडायची आणि त्या दोन खाचांत मिळून बीच लाकडाची एक दाबलेली, दोन्ही टोकांना निमुळती चकती सरस लावून बसवायची, एवढीच ती कल्पना होती. त्यातूनच लॅमेलो ही कंपनी उभी राहिली आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस हातात धरून चालवण्याचे यंत्र आले. आज मकिता, डिवॉल्ट, बॉश अशा कंपन्यांची जी यंत्रे आपण पाहतो, ती सगळी याच तत्त्वावर चालतात. त्यांच्यात साधारण 100 मि.मी. व्यासाचे आणि 4 मि.मी. जाडीचा काप घेणारे पाते मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांनी फिरते, आणि हँडल पुढे ढकलले की ते ठरलेल्या खोलीपर्यंतच बाहेर येते.

बिस्किटांचे, म्हणजे या चकत्यांचे, तीन आकार सर्वत्र सारखे आहेत: 0 क्रमांकाचे 47 बाय 15 मि.मी., 10 क्रमांकाचे 53 बाय 19 आणि 20 क्रमांकाचे 56 बाय 23. जाडी तिन्हींची सुमारे 4 मि.मी. असते. चकती उजेडात धरून पाहिली, तर तिच्या रेषा लांबीला समांतर नसून तिरप्या गेलेल्या दिसतात. त्या लांबीला समांतर असत्या, तर जोडाच्या रेघेवरच चकती चिरण्याची शक्यता राहिली असती. कारखान्यात चकती दाबलेली असते, त्यामुळे ती खाचेत सहज सरकते. पण पाण्याचा अंश असलेला सरस लागला, की काही मिनिटांतच फुगून खाचेच्या दोन्ही भिंतींवर घट्ट बसते. या जोडाचा सगळा गुण त्या फुगण्यात आहे, आणि त्याच्या बहुतेक तक्रारीही त्यातूनच निघतात.

आता ताकदीविषयी. सागवानाच्या दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या असतील, कडा रंध्याने सरळ केलेल्या असतील आणि क्लॅम्पचा दाब पुरेसा असेल, तर नुसत्या सरसाचा जोडही लाकडाइतकाच किंवा त्याहून पक्का असतो. तिथे बिस्किट घातल्याने ताकदीत सांगण्यासारखी भर पडत नाही. मग ते घालायचे कशासाठी? क्लॅम्प आवळताना फळ्या वरखाली सरकू नयेत आणि पृष्ठभाग एका पातळीत राहावेत, यासाठी. पाच-सहा फळ्यांचे लांब टेबलटॉप जोडणाऱ्या कोणालाही याचे मोल सांगावे लागत नाही. प्लाय, एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला फलक) किंवा पार्टिकल बोर्डचा कोपरा मात्र वेगळा असतो. तिथे एका फलकाची कड दुसऱ्याच्या पाठीला लागते, कडेवर सरस नीट धरत नाही, आणि त्यामुळे खाचांच्या आतल्या भिंतींवर मिळणारे जास्तीचे क्षेत्रफळ खरोखर उपयोगी पडते. माझे मत असे, की बिस्किट हा आधी फलकांचा जोड आहे आणि भरीव लाकडासाठी तो फक्त जुळवणीचे साधन आहे. एवढे मान्य केले, की बाकीचे निर्णय सोपे होतात.

यंत्र वापरताना एक नियम इतर सर्वांच्या वर ठेवावा. दोन्ही तुकड्यांत खाच घेताना फेन्स (यंत्राच्या पुढची आधारपट्टी) दर्शनी बाजूवरच टेकवावी. खाच जाडीच्या बरोबर मध्यभागी आली नाही तरी काही बिघडत नाही. पण एका तुकड्यात ती वरच्या बाजूपासून मोजली आणि दुसऱ्यात खालच्या बाजूपासून, तर दोन्ही तुकड्यांच्या जाडीतला फरक पायरी होऊन दिसतो. आपल्याकडे 18 मि.मी. म्हणून मिळणारा प्लाय अनेकदा पूर्ण 18 भरत नाही आणि दोन शीटमध्येही फरक सापडतो, म्हणून हा नियम आपल्याला अधिकच लागू आहे. दर्शनी बाजूंवर पेन्सिलीने फुली करण्याची सवय ठेवावी आणि फुली दिसत नसेल तोपर्यंत यंत्र सुरू करू नये.

कपाटाच्या उभ्या बाजूला मधली फळी जोडताना फेन्स उपयोगाची नसते, तिथे यंत्राची तळपट्टी, म्हणजे त्याचा सपाट तळ, कामाला येते. ही पद्धत फारशी कोणी समजावून सांगत नाही, म्हणून लिहितो. उभी बाजू टेबलावर आडवी ठेवावी आणि फळीची खालची बाजू जिथे यायची तिथे काटकोनात रेघ मारावी. फळी त्या बाजूवर आडवी पालथी घालावी, म्हणजे तिची खालची बाजू फलकाला टेकेल, आणि तिचे टोक रेघेवर आणून दोन्ही क्लॅम्पने आवळावेत. फळीच्या टोकाजवळ आणि त्यासमोर फलकावर, दोन्हीकडे एकाच जागी खुणा कराव्यात. मग यंत्र फलकावर आडवे टेकवून फळीच्या टोकात खाचा घ्याव्यात. त्यानंतर यंत्र उभे करून, तळपट्टी फळीच्या टोकाला टेकवून, त्याच खुणांवर फलकात खाचा घ्याव्यात. पात्यापासून तळपट्टीपर्यंतचे अंतर दोन्ही वेळा तेच असल्यामुळे क्लॅम्प सोडून फळी त्याच कडेवर उभी केली, की खाचा एकमेकींसमोर येतात आणि फळीची खालची बाजू रेघेवर बसते. यात मोजमाप जवळजवळ नसते, म्हणून चुकण्यालाही फारसा वाव नसतो.

खाचांतले अंतर 150 ते 200 मि.मी. आणि टोकापासून पहिल्या खाचेचा मध्य 50 ते 75 मि.मी. ठेवावा. खाच बिस्किटापेक्षा थोडी लांब असते, त्यामुळे जोडताना तुकडा दोन-तीन मि.मी. इकडेतिकडे सरकवता येतो. खुंट्यांच्या जोडात ही सवलत नसते. तिथे एका भोकाचा अर्धा मि.मी.चा फरकही संपूर्ण जोड अडवतो. जाडीच्या दिशेने मात्र बिस्किटही सवलत देत नाही, आणि आपल्याला हवे असते ते नेमके हेच.

सरसाविषयी एवढेच, की तो खाचेच्या दोन्ही भिंतींना लागला पाहिजे. नुसत्या चकतीला सरस फासून ती खाचेत ढकलली, तर तोंडाशीच बराचसा सरस पुसला जातो. आपला नेहमीचा पांढरा सरस पुरेसा आहे. फेविकॉल 1959 मध्ये बाजारात आले आणि हाडांचा सरस तापवत बसण्याची गरज संपली. त्या प्रकारच्या पाण्याच्या सरसावरच बिस्किट अपेक्षेप्रमाणे फुगते. इपॉक्सीने ते चिकटते, पण फुगत नाही. सनमायकासाठी जो रबरी सरस वापरतात, तो इथे अजिबात चालत नाही. कोरडी जुळवणी करून, क्लॅम्प उघडून जवळ ठेवून आणि जोडण्याचा क्रम ठरवूनच सरसाची बाटली हातात घ्यावी, कारण एकदा चकत्या फुगू लागल्या की चुकलेला तुकडा बाहेर काढणे अवघड होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर हा अवधी फारच कमी असतो.

खुर्ची, स्टूल, पलंगाचे पाय, दाराची चौकट यांना हा जोड वापरू नये. खुर्चीवर बसणारा माणूस मागे रेलतो, तेव्हा पाय आणि आडवी पट्टी यांच्या जोडावर पिळवटणारा ताण येतो. तो पेलायला लाकडात खोल शिरलेले आणि खांदे असलेले कुसू लागते. 20 क्रमांकाचे बिस्किट एका तुकड्यात जेमतेम साडेअकरा मि.मी. शिरते. ते तिथे काही दिवस टिकेल, पण भरवशाचे नाही. तसेच भरीव लाकडाच्या टेबलटॉपच्या टोकाला आडवी पट्टी लावताना संपूर्ण रुंदीत बिस्किटे चिकटवू नयेत. टेबलटॉप रुंदीत आखडतो आणि फुलतो, पट्टी लांबीत जवळजवळ बदलत नाही, आणि दोन्ही जखडून टाकले तर टेबलटॉपला चीर जाते. सरस फक्त मधल्या भागात लावावा आणि कडेच्या चकत्या कोरड्या ठेवाव्यात.

आपले अनुभव आणि मतभेद जरूर मांडावेत.

प्रतिसाद: नवी_करवत

अतिशय उपयुक्त माहिती. माझा प्रश्न कपाटाच्या दर्शनी चौकटीविषयी आहे. प्लायच्या कपाटावर सागवानाच्या पट्ट्यांची चौकट लावायची आहे. पट्ट्या 40 मि.मी. रुंद आणि 20 मि.मी. जाड आहेत. चौकटीच्या कोपऱ्यांवर, म्हणजे आडव्या पट्टीचे टोक उभ्या पट्टीच्या कडेला लागते तिथे, 0 क्रमांकाचे बिस्किट बसेल का? चकती 47 मि.मी. लांब असल्याने थोडीशीच बाहेर राहील, ती कापून टाकता येईल, असे मला वाटते.

प्रतिसाद: पटाशी

येथे चकतीच्या लांबीपेक्षा खाचेच्या लांबीचा विचार करावा लागतो. 100 मि.मी. व्यासाचे पाते 8 मि.मी. आत गेले, तर पृष्ठभागावर सुमारे 54 मि.मी. लांबीची खाच पडते. 10 क्रमांकासाठी पाते 10 मि.मी. आत जाते आणि खाच 60 मि.मी.ची होते, 20 क्रमांकासाठी 12 मि.मी. आत जाते आणि खाच सुमारे 65 मि.मी.ची होते. हे वर्तुळाच्या जीवेचे साधे गणित आहे, आणि कागदावर एकदा मांडून पाहिले तर यंत्राची मर्यादा स्पष्ट दिसते. तुमच्या 40 मि.मी. पट्टीच्या टोकातून 54 मि.मी.ची खाच दोन्ही बाजूंना बाहेर फुटणार. एका बाजूचे भोक कपाटाच्या आत लपेल, दुसरे दाराच्या फटीतून कायम दिसत राहील.

लहान पात्याची सोय असलेली काही यंत्रे परदेशात मिळतात. त्यांची 50 मि.मी. व्यासाची पाती आणि खास लहान चकत्या याच कामासाठी असतात. त्या नसतील, तर कोपऱ्यांना दोन दोन खुंट्या घालाव्यात, किंवा मागून तिरपे स्क्रू द्यावेत. तुमच्या हाताला कुसू करण्याची सवय असेल, तर सागवानात ते सर्वांत चांगले. मात्र तयार चौकट कपाटाच्या कडेवर चिकटवताना बिस्किटे अवश्य वापरा. तिथे खाचा पट्टीच्या लांबीत येतात, त्यामुळे रुंदीची अडचण राहत नाही, आणि चौकट कपाटाच्या बाजूशी बरोबर जुळते.

सागवानाविषयी आणखी एक सूचना. ते तेलकट लाकूड आहे. खाचा आणि कडा ताज्या घेतलेल्या असाव्यात, आणि काही दिवस मध्ये गेले असतील, तर चिकटवण्यापूर्वी थिनरच्या फडक्याने पुसून, ते उडून गेल्यावर सरस लावावा.

प्रतिसाद: माडाची_सावली

आमच्याकडे भरीव लाकडाचे एक जेवणाचे टेबल कारखान्यातून करून आणले आहे. पॉलिश उत्तम होते. दोन-तीन महिन्यांनी खिडकीतून तिरपा उजेड पडला, की फळ्यांच्या जोडांवर ठरावीक अंतराने लांबट खळगे दिसू लागले आहेत. हाताला अगदी किंचित लागतात. ज्यांनी टेबल केले त्यांचे म्हणणे आहे, की लाकूडच तसे होते. खळग्यांचे अंतर इतके सारखे आहे, की मला ते पटत नाही. हा बिस्किटांचा परिणाम असू शकतो का?

प्रतिसाद: पटाशी

तुमची शंका रास्त आहे. सारख्या अंतरावरचे, दोन्ही टोकांना निमुळते आणि नेमके जोडाच्या रेघेवर असलेले खळगे ही बिस्किटांचीच खूण आहे.

ते कसे होते, ते सांगतो. सरसातले पाणी चकती आणि तिच्या भोवतालचे लाकूड शोषून घेते. त्यामुळे त्या जागी पृष्ठभाग केसाइतका वर उचलला जातो. सरस तर तासाभरात धरतो, म्हणून काम घाईचे असेल तर त्याच दिवशी क्लॅम्प काढून टेबलटॉप रंध्याने किंवा सँडरने सपाट केला जातो. त्या वेळी उचललेला भाग कापला जातो आणि टेबल पूर्ण सपाट दिसते. पुढे काही दिवसांत किंवा आठवड्यांत आतले पाणी निघून जाते, तो भाग पुन्हा आखडतो, आणि जेवढे लाकूड जास्त कापले गेले तेवढा खळगा उरतो. पॉलिशच्या चकाकीवर तो अधिकच उठून दिसतो.

चांगली बाब अशी, की जोडाला यामुळे धोका नसतो. आता लाकूड स्थिरावलेले असल्याने टेबलटॉप पुन्हा हलकासा सपाट करून पॉलिश दिले, तर खळगे सहसा परत येत नाहीत. हे काम पावसाळ्यात करू नका. हवा कोरडी असताना करा.

जे नवीन टेबल करणार आहेत त्यांनी सरस लावल्यानंतर सपाटीकरणाला किमान दोन-तीन दिवस थांबावे, दमट हवेत आठवडाभर थांबले तरी हरकत नाही. दुसरी काळजी जाडीची. 18 मि.मी. फळीत मध्यावर खाच घेतली, तर चकतीच्या वर आणि खाली प्रत्येकी 7 मि.मी. लाकूड राहते. 12 मि.मी. फळीत ते 4 मि.मी.च राहते, आणि तिथे फुगवटा वर येण्याची शक्यता फार वाढते. पातळ फळ्यांना जीभ-खाचेचा जोड किंवा नुसता सरस बरा.

प्रतिसाद: साइटवरचा

मी सुतारकामाच्या धंद्यात आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. फ्लॅटमध्ये साइटवर काम करताना सरस आणि चुका मारून सांगाडा उभा करायचा, मग स्क्रू द्यायचे आणि वरून सनमायका लावायचा, ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि ती कपाटे टिकतात. त्यात क्लॅम्प फारसे लागत नाहीत. बिस्किटाला मात्र प्रत्येक जोड सरस धरेपर्यंत क्लॅम्पमध्ये ठेवावा लागतो, आणि वार्डरोबच्या मापाचे क्लॅम्प साइटवर नेणे सोपे नाही. मग बिस्किटाचा फायदा नेमका कुठे, हे ग्राहकाला आणि कामगाराला कसे पटवायचे?

प्रतिसाद: पटाशी

तुमचे म्हणणे बरोबर आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या पद्धतीत बिस्किट घालण्याचा आग्रह मी धरणार नाही. सांगाड्यावर नंतर सनमायका चढणार असेल, तर स्क्रूची डोकी झाकली जातात आणि स्क्रू क्लॅम्पचेही काम करतो.

फरक पडतो तो फलक आधीच तयार पृष्ठभागाचे असतात तेव्हा. विनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) चढवून आणलेला प्लाय, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट दाबलेला बोर्ड, किंवा रंग द्यायचा एमडीएफ यांच्यावर बाहेरून स्क्रू दिला की त्याचे डोके झाकण्याचे काम मागे लागते, आणि विनियरवर ते कितीही भरले तरी ओळखू येते. अशा कपाटाच्या दर्शनी बाजूला बिस्किट आणि भिंतीकडच्या बाजूला स्क्रू, अशी विभागणी करता येते. क्लॅम्पचीही अडचण त्यामुळे अर्धी कमी होते. दुसरे काम म्हणजे प्लायच्या कडेला लावायची भरीव लाकडाची रुंद पट्टी. ती नुसती चिकटवली तर सरसावर घसरते, चुका मारल्या तर पॉलिशखाली दिसतात. तीनचार चकत्या घातल्या, तर ती प्लायच्या पातळीत बसते आणि रंधा मारण्याचे काम फार कमी राहते.

तयार पृष्ठभागाच्या फलकांवर वेळेचाच प्रश्न असेल, तर लॅमेलोच्याच पी-प्रणालीचे जोड पाहावेत. त्यांच्या खाचेचा आतला भाग इंग्रजी टी अक्षरासारखा रुंद केलेला असतो आणि त्यात प्लास्टिकचा जोडतुकडा अडकतो. त्यातले काही प्रकार कपाट पुन्हा सोडवण्यासाठी आहेत, काही सरस धरेपर्यंत फलक ओढून ठेवतात. यंत्र आणि जोडतुकडे दोन्ही महाग आहेत, त्यामुळे ते मोठ्या कारखान्यालाच परवडावे.

प्रतिसाद: लाकूडप्रेमी

मी जर्मनीत राहतो आणि हौसेने लाकूडकाम करतो. येथे अनेक जण बिस्किट यंत्र विकून फेस्टूलचे डोमिनो यंत्र घेत आहेत. ते फिरत्या आणि डुलणाऱ्या कटरने खरी खोल खाच पाडते, आणि त्यात सुटे कुसू बसते. मग बिस्किट यंत्र आता घेण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद: पटाशी

खुर्च्या, टेबलाचे पाय, चौकटी अशी भरीव लाकडाची कामे अधिक असतील, तर डोमिनोला तोड नाही, कारण ते खऱ्या कुशाच्या जवळ जाते. पण त्याची किंमत साध्या बिस्किट यंत्राच्या कितीतरी पट आहे. प्लाय-एमडीएफची कपाटे हेच मुख्य काम असेल, तर बिस्किट यंत्राने ते तितक्याच समाधानाने होते, आणि चकत्याही स्वस्त पडतात. मी कामाचे स्वरूप पाहूनच निर्णय घेईन.

प्रतिसाद: नवी_करवत

यंत्र घेण्यापूर्वी करून पाहायचे असेल, तर राऊटरवर (फिरत्या कटरने खाचा पाडणाऱ्या यंत्रावर) हे जमते का? आणि अँगल ग्राइंडरला बसणारी जोडणी ऑनलाइन स्वस्तात दिसते, ती कशी आहे?

प्रतिसाद: पटाशी

राऊटरवर जमते. 4 मि.मी. जाडीचा, बेअरिंग असलेला खाचेचा कटर मिळतो. तो पात्यापेक्षा लहान व्यासाचा असतो, म्हणून एका घुसवणीत पुरेशी लांब खाच पडत नाही. कडेला खुणा करून राऊटर तेवढ्या अंतरात सरकवावा लागतो. टेबलटॉपच्या कडांना ही पद्धत छान आहे. फलकाच्या मध्यभागी, म्हणजे मधल्या फळीच्या जोडाला, ती चालत नाही, कारण कटर कडेवरूनच आत जाऊ शकतो. वेग कमी करता येणारा राऊटरच घ्या. मिनिटाला तीस हजार फेऱ्यांवर स्थिर असलेल्या लहान ट्रिमरवर असा रुंद कटर बसवणे धोक्याचे आहे.

अँगल ग्राइंडरविषयी मी स्पष्टच सांगतो: घेऊ नका. ग्राइंडरवर लाकूड कापण्याचे दात्यांचे पाते उघडे बसवले, तर झटका बसल्यावर ते कुठे जाईल याचा नेम नसतो. बिस्किट यंत्राचे पाते काम संपताच स्प्रिंगने परत आवरणात जाते, आणि पुढच्या तोंडावर अणकुचीदार खिळे किंवा रबर असल्याने यंत्र बाजूला सरकत नाही. ही दोन्ही संरक्षणे स्वस्त जोडणीत भरवशाची नसतात. यंत्र चालवतानाही तुकडा क्लॅम्पने धरलेला असावा, दुसऱ्या हाताने कधीही नाही. एमडीएफमध्ये खाचा घेत असाल, तर भुसा ओढणारी नळी आणि तोंडावर एन-95 मास्क हवाच. तो भुसा पिठासारखा बारीक असतो आणि बराच वेळ हवेत तरंगतो.

प्रतिसाद: माडाची_सावली

आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. पावसाळ्यात चकत्या पाकिटातच फुगतात आणि खाचेत जात नाहीत. हातोडीने ठोकून बसवल्या तर चालेल का?

प्रतिसाद: पटाशी

ठोकू नका. आधीच फुगलेली चकती ठोकून बसवली, तर खाचेतला सरस पुढे ढकलला जातो आणि भिंती कोरड्या राहतात. शिवाय तिला आणखी फुगायला जागा नसल्याने वरचे लाकूड उचलले जाते, आणि वर विचारलेल्या खळग्यांचा त्रास दुप्पट होतो.

किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते, आणि बीच हे लाकूड ओलावा पटकन घेते. पाकीट उघडल्याबरोबर चकत्या घट्ट झाकणाच्या बरणीत घालाव्यात आणि तीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. फुगलेल्या चकत्या ओव्हनमध्ये मंद उष्णतेवर थोडा वेळ ठेवल्या, तर बहुतेक पुन्हा खाचेत जाण्याइतक्या आखडतात. मायक्रोवेव्हमध्ये करायचे असेल, तर थोड्या थोड्या सेकंदांनी थांबून तपासावे, कारण त्या आतून करपतात. वाळवल्यावर एक चकती कोरडी खाचेत घालून पाहावी: बोटाने दाबल्यावर गेली पाहिजे, आणि तुकडा उलटा केला तर आपोआप पडता कामा नये.

प्रतिसाद: साइटवरचा

शेवटचा प्रश्न माझा. 45 अंशांचा कोपरा करताना चकती कुठे ठेवावी? आमच्या मुलाने मध्यावर खाच घेतली, आणि पाते बाहेरच्या विनियरमधून डोकावले.

प्रतिसाद: पटाशी

45 अंशांच्या कापात लाकडाची खोली आतल्या कोपऱ्याकडे सर्वांत जास्त आणि बाहेरच्या टोकाकडे शून्य असते, म्हणून खाच मध्यापेक्षा आतल्या कोपऱ्याकडे सरकवावी. 18 मि.मी. फलकाला तिरक्या कापाची रुंदी सुमारे 25 मि.मी. होते, तिच्या आतल्या तिसऱ्या हिश्शात खाचेचा मध्य आणावा आणि 20 ऐवजी 10 किंवा 0 क्रमांक वापरावा. फेन्स अशा रीतीने 45 अंशांवर लावा, की ती बाहेरच्या दर्शनी बाजूवर टेकेल. त्यामुळे बाहेरची धार बरोबर जुळते, आणि प्लायच्या जाडीत फरक असला तरी तो आत जातो. त्याच शीटच्या टाकाऊ तुकड्यांचा एक कोपरा आधी करून, चकती घालून, कोरडा जुळवून पाहा. बाहेरून बोटाच्या नखाने दाबल्यावर विनियर दबत असेल, तर खाच आणखी दोन मि.मी. आत घ्यावी.